नवीन प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डच्या अफवा: कोणता आकडा कधी पक्का होतो, आणि थांबायचं की घ्यायचं?

प्रश्न विचारणारे कोल्हापूरचे आहेत. लग्नसमारंभांचं शूटिंग आणि एडिटिंग हा त्यांचा व्यवसाय, रात्री वेळ मिळाला तर गेमिंग. मशीन (कॉम्प्युटर) रायझन ५ ३६०० प्रोसेसरचं, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि आरटीएक्स २०६० कार्ड. बदलायचं बऱ्याच दिवसांपासून मनात आहे, पण दर वेळी कुठेतरी वाचायला मिळतं की सहा महिन्यांत काहीतरी मोठं येतंय. आता एएमडीचा झेन ६ आणि इंटेलचा नोव्हा लेक हे प्रोसेसर, एनव्हिडियाची आरटीएक्स ५० ची सुपर कार्डं आणि त्यामागून ६० मालिका, अशी नावं फिरत आहेत. यातलं खरं किती मानायचं आणि थांबायचं की घेऊन टाकायचं, असं त्यांनी विचारलंय.

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. ग्राफिक्स कार्ड आत्ता घ्या. प्रोसेसर आहे त्याच बोर्डवर बदला. नवा बोर्ड, नवा प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम असा पूर्ण संच मात्र आत्ता घेऊ नका, त्यासाठी थांबणं फायद्याचं आहे. मशीन जुळवून देण्याच्या धंद्यात मी बरीच वर्षं आहे आणि हा प्रश्न दुकानात रोज येतो. बहुतेक लोक अफवा खरी की खोटी एवढंच विचारतात. मी गिऱ्हाइकाला उलट विचारतो, की तुम्ही वाचलेला आकडा कंपनीत तरी आज ठरलेला असू शकतो का? या एका प्रश्नाने निम्म्याहून जास्त बातम्या बाजूला पडतात.

चिप कशी तयार होते ते पाहिलं की हे लक्षात येईल. प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिपच्या नव्या रचनेचं काम बाजारात येण्याच्या तीन-चार वर्षं तरी आधी सुरू होतं. आराखडा पूर्ण झाला की तो फॅक्टरीकडे, म्हणजे बहुतेक वेळा तैवानच्या टीएसएमसीकडे जातो. या टप्प्याला टेप-आउट म्हणतात. पहिली चिप हातात यायला तिथून काही महिने जातात, कारण वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या गोल चकतीवर, एकावर एक डझनावारी थर चढवायचे असतात. मग महिनोन्‌महिने तपासणी, दोष निघाला तर सुधारित आवृत्ती, आणि त्यानंतर मोठं उत्पादन. टेप-आउटपासून दुकानापर्यंत साधारण वर्ष जातं, कधी त्याहून जास्त.

टेप-आउटच्या वेळी जे सिलिकॉनमध्ये कोरलं गेलं ते बदलत नाही. जास्तीत जास्त कोअर (काम करणारे स्वतंत्र भाग) किती, कॅश (चिपमधलीच छोटी वेगवान मेमरी) किती, मेमरीची बस (चिप आणि मेमरीमधला डेटाचा रस्ता) किती बिटांची, पीसीआय एक्सप्रेसच्या लेन (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या वाटा) किती, हे सगळं त्या दिवशी पक्कं. सॉकेटचा, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिचा, निर्णयही लवकर होतो, कारण मदरबोर्ड बनवणाऱ्यांना तो खूप आधी कळवावा लागतो. क्लॉक, म्हणजे चिप किती वेगाने चालवायची ते, आणि वीज मात्र पहिल्या चिपा तपासल्यावर ठरू लागतात आणि शेवटच्या काही आठवड्यांपर्यंत हलत राहतात. एकाच चिपमधले काही भाग बंद करून खालची मॉडेल काढतात. त्यात किती भाग बंद करायचे हे उत्पादनात चांगल्या चिपा किती निघतात यावर अवलंबून असतं. नाव त्याच्याही नंतर. किंमत अगदी शेवटी, कधी कधी जाहीर झाल्यावरही बदलते. तुमच्याच धंद्यातलं बघा ना, कार्यालय वर्षभर आधी बुक होतं आणि पानं किती वाढायची हे आदल्या रात्री ठरतं. वर्षभर आधी कुणी पानांचा आकडा छातीठोकपणे सांगायला लागला, तर माणूस कितीही खरा असला तरी तो आकडा अंदाजच असतो.

म्हणून दीड वर्ष आधी आलेली “नवं सॉकेट एलजीए १९५४” ही बातमी मी गंभीरपणे घेतो, आणि त्याच दिवशी आलेली “५.८ गिगाहर्ट्‌झ आणि ३५ टक्के वेगवान” ही बातमी वाचून पुढे जातो.

यात एक मोठी मेख आहे. आकडा बरोबर असला तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकू शकतो, आणि २०२० साली नेमकं तेच झालं. एएमडीच्या नव्या मोठ्या कार्डाला २५६ बिटांचीच बस असणार अशी बातमी आली आणि ती शंभर टक्के खरी होती. जाणकारांनी गणित मांडलं. २५६ बिटांवर १६ गिगाबिटची जीडीडीआर६ लावली तर सेकंदाला ५१२ जीबी मिळतात. जुन्या आरटीएक्स २०८० टीआयला ६१६ जीबी होते आणि नव्या आरटीएक्स ३०८० ला ७६०. एवढ्या अरुंद बसवर हे कार्ड ३०८० च्या जवळपासही जाणार नाही, असं अनेकांनी लिहिलं. २८ ऑक्टोबर २०२० ला एएमडीने कार्डं जाहीर केली तेव्हा चिपच्या पोटात १२८ एमबीची कॅश निघाली. वारंवार लागणारा डेटा तिथेच राहत असल्याने बाहेरच्या मेमरीकडे फेऱ्या कमी झाल्या, आणि आरएक्स ६८०० एक्सटी साध्या रेंडरिंगमध्ये ३०८० च्या बरोबरीने उभं राहिलं. बसचा आकडा खरा होता. कॅश मात्र त्या गणितात धरलेलीच नव्हती, आणि निकाल कॅशवर फिरला.

दुसरं उदाहरण विजेचं. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० येण्याआधी कित्येक महिने ६०० वॉटचा गवगवा होता. लोक एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) बदलायला निघाले होते, १२०० वॉटचे सप्लाय मागत होते. कार्ड आलं ४५० वॉटचं. मग बातमी देणारे खोटारडे होते का? तसंही नव्हतं. कार्डासोबत आलेले कूलर पाहिलेत तर ते ४५० वॉटसाठी गरजेपेक्षा कितीतरी मोठे आहेत, आणि पॉवर लिमिट वाढवलं की कार्ड ६०० वॉटपर्यंत जाऊ शकतं. ६०० ही कमाल मर्यादा खरी होती. ती रोजच्या वापराचा आकडा म्हणून सांगितली गेली, तिथे गफलत झाली. कूलर आणि बोर्ड आधी बनवायला घ्यावे लागतात म्हणून ती मर्यादा आधी फुटली. प्रत्यक्षात कितीवर चालवायचं हा निर्णय नंतर झाला.

वेगाच्या दाव्यांवर स्वतः गणित करायची सवय लावा, फार अवघड नाही. आरटीएक्स ५०९० येण्याआधी ४०९० च्या दीडपट, पावणेदोनपट वेगाचे दावे सगळीकडे दिसत होते. पण दोन्ही चिपा टीएसएमसीच्या एकाच ४एन पिढीच्या प्रक्रियेवर बनलेल्या आहेत, म्हणजे लहान ट्रान्झिस्टरचा फुकटचा फायदा इथे नव्हताच. मग वाढ येणार कुठून? चिप मोठी करून आणि वीज वाढवून. ४०९० ची चिप सुमारे ६०९ चौरस मिलिमीटरची, ५०९० ची ७५०. कोअर १६,३८४ वरून २१,७६०, म्हणजे ३३ टक्के जास्त. वीज ४५० वरून ५७५ वॉट, म्हणजे २८ टक्के जास्त. हे आकडे समोर असताना ३० टक्क्यांच्या आसपास अंदाज बांधणं कुणालाही जमलं असतं, आणि ३० जानेवारी २०२५ ला कार्ड बाजारात आल्यावर ४के गेममध्ये स्वतंत्र चाचण्यांत साधारण तेवढाच फरक दिसला. एखाद्या पिढीत फॅक्टरीची प्रक्रिया बदलतेय की नाही, हे मी सगळ्यात आधी बघतो. बदलत नसेल तर वेगाच्या मोठ्या दाव्याला आधार कुठला, हे सांगणाऱ्याने सांगायला हवं.

प्रोसेसरमध्ये एएमडीच्या झेन ५ या रचनेचं उदाहरण ताजं आहे. २०२४ च्या सुरुवातीला “कोअरमागे ४० टक्के” ही बातमी फिरत होती. एएमडीने स्वतः सरासरी १६ टक्के सांगितले. ऑगस्टमध्ये रायझन ९००० आले आणि गेममध्ये बऱ्याच ठिकाणी वाढ त्याहूनही कमी निघाली. पण एव्हीएक्स-५१२ (एका वेळी भरपूर आकडे हाताळणाऱ्या सूचना) वापरणाऱ्या काही कामांत त्याच चिपने मोठी झेप घेतली. तेव्हा एखाद्या विशिष्ट चाचणीत ४० टक्के दिसणं अशक्य नव्हतं, पण कोणत्या चाचणीत हे न सांगता आलेल्या आकड्यावर खरेदीचा निर्णय घेता येत नाही. कंपनीच्या मंचावरचे आकडेही याच नजरेने पाहा. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरच्या आरटीएक्स ५०७० मध्ये ४०९० ची कामगिरी मिळेल असं सांगितलं. त्यात डीएलएसएस ४ या एनव्हिडियाच्या एआय तंत्राने मधे भरलेल्या फ्रेम धरल्या होत्या, म्हणजे चिपने खरोखर काढलेल्या एका फ्रेममागे तीनपर्यंत जास्तीच्या. त्या बाजूला ठेवल्या तर ५०७० हे ४०९० च्या बरंच मागे आहे. एडिटिंगमध्ये तर त्या मधल्या फ्रेमचा काही उपयोगच नाही.

बातमी कुठून आली यालाही महत्त्व आहे. सगळ्यात भरवशाची माहिती कंपनी स्वतःच उघड करते. नवी चिप लिनक्सवर पहिल्या दिवसापासून चालायला हवी, म्हणून तिचा कोड कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) आणि कंपायलरमध्ये (लिहिलेला कोड चिपला समजेल असा करणारा प्रोग्रॅम) आधीच टाकावा लागतो. झेन ५ ची जुळणी एएमडीने जीसीसी कंपायलरसाठी फेब्रुवारी २०२४ मध्येच पाठवली होती, आणि कोणत्या नव्या इन्स्ट्रक्शन येणार हे त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. अशा ठिकाणी क्लॉक, किंमत, तारीख काही मिळत नाही. रचना मिळते, आणि ती खरी असते.

त्यानंतर माल वाहतुकीच्या नोंदी. यात भारताचा मोठा वाटा आहे, हे फार लोकांना ठाऊक नसतं. एएमडी आणि इंटेलची मोठी अभियांत्रिकी केंद्रं बेंगळुरू आणि हैदराबादेत आहेत. तपासणीचे बोर्ड आणि नमुन्याच्या चिपा तिकडे विमानाने येतात आणि कस्टम्सकडे त्यांचं वर्णन द्यावं लागतं. एके काळी झौबा नावाच्या भारतीय संकेतस्थळावर या नोंदी कुणालाही पाहता यायच्या. कार्डाचं सांकेतिक नाव, बोर्डाचा क्रमांक, नग किती, आणि रुपयांत जाहीर केलेलं मूल्य, असं सगळं एका ओळीत. जगभरचे तंत्रज्ञान-पत्रकार हैदराबादला आलेल्या त्या खोक्यांवर डोळा ठेवून असायचे. ती नोंद खरी असायची, पण लोक रुपयांच्या रकमेवरून दुकानातली किंमत काढायला बसायचे आणि तिथे फसायचे. नमुन्याच्या बोर्डाचं कस्टम्ससाठी जाहीर केलेलं मूल्य आणि विक्रीची किंमत यांचा काही संबंध नसतो. चिप अस्तित्वात आहे आणि तपासणीला लागली आहे, एवढंच त्या ओळीतून घ्यायचं. नोव्हा लेकच्या सॉकेटची माहितीही अशाच मालाच्या नोंदींमधून पुढे आली.

गीकबेंच या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत अचानक उगवणारे आकडे तिसऱ्या पायरीवर. ते बहुधा इंजिनिअरिंग नमुन्याचे असतात, क्लॉक मुद्दाम कमी ठेवलेलं, बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अर्धवट, रॅम संथ. त्यातून कोअर आणि कॅश किती ते नोंदवून घ्या, गुणांकडे बघूही नका. आणि सगळ्यात शेवटी “सूत्रांनी सांगितलं” म्हणणारे व्हिडिओ. एकच माणूस आज तीन शक्यता सांगतो, आठ महिन्यांनी त्यातली एक खरी ठरते, आणि तेवढीच फीत पुन्हा दाखवली जाते. सांगणाऱ्याचे जुने अंदाज तारखेसकट उघडून पाहायला अर्धा तास पुरतो. हजारो रुपये गुंतवण्याआधी तेवढा वेळ जरूर द्या.

कंपनीचं अधिकृत म्हणणं तरी अंतिम मानावं का? तारखांबाबत बऱ्यापैकी मानावं, पण तेही पूर्ण नाही. ॲरो लेक हा प्रोसेसर स्वतःच्या २०ए प्रक्रियेवर बनणार असं इंटेल जाहीरपणे सांगत होती. टीएसएमसीकडून बनवून घेणार ही मात्र अफवा होती. सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलने २०ए सोडून दिल्याचं सांगितलं आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्या डेस्कटॉप ॲरो लेकचा कोअरचा भाग टीएसएमसीचाच निघाला. इथे अफवा बरोबर ठरली आणि अधिकृत आराखडा बदलला. अफवा ऐकायच्याच नाहीत असं मी कुणाला सांगत नाही, ते याचमुळे.

आता किंमत. दरवाजावर माल आला तरी ही बदलते. जून २०१९ मध्ये एएमडीने आरएक्स ५७०० एक्सटी ४४९ डॉलरला जाहीर केलं. विक्री ७ जुलैला होती. मधल्या काळात एनव्हिडियाने सुपर कार्डं आणली आणि विक्री सुरू व्हायच्या तोंडावर एएमडीची किंमत ३९९ झाली. मे २०२३ मध्ये आरएक्स ७६०० चंही तसंच झालं, ऐनवेळी २६९ डॉलर. आणि २०२२ मध्ये तर ८९९ डॉलरचं १२ जीबीचं आरटीएक्स ४०८० जाहीर होऊन महिन्याच्या आत मागे घेतलं गेलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये तीच चिप आरटीएक्स ४०७० टीआय नावाने ७९९ डॉलरला आली. जाहीर केलेलं नाव आणि किंमत जिथे टिकली नाही, तिथे वर्षभर आधीच्या किमतीच्या अफवेवर काय विसंबायचं?

आपल्याकडच्या किमतीचा हिशोब मात्र आपल्याला बांधता येतो. अमेरिकेतली किंमत करांशिवाय सांगतात, आपल्याकडे १८ टक्के जीएसटी धरून. ५० मालिकेच्या भारतातल्या सुरुवातीच्या किमती आठवा: ५०९० दोन लाख चौदा हजार, ५०८० एक लाख सात हजार, ५०७० टीआय ऐंशी हजार, ५०७० एकोणसाठ हजार. डॉलरच्या किमती अनुक्रमे १९९९, ९९९, ७४९ आणि ५४९. चारही ठिकाणी भागाकार करून पाहा, उत्तर १०७ च्या आसपास येतं. तेव्हा डॉलर ८६ रुपयांच्या घरात होता, त्यावर जीएसटी धरला की १०१ होतात, वरचे पाच-सहा टक्के आयातदार आणि इतर खर्चाचे. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने ९० ओलांडले. म्हणजे त्या दराने कोणत्याही अफवेतल्या डॉलरच्या आकड्याला ११२ ने गुणून पाहा. “६९९ डॉलरचं कार्ड” वाचून मनात साठ हजार येतात, प्रत्यक्षात ते अठ्ठ्याहत्तर हजारांचं असतं. आणि ही जाहीर किंमत झाली. पहिल्या काही आठवड्यांत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात त्या किमतीला माल मिळेलच याची खात्री कुणी डीलर देत नाही.

आता तुम्ही घेतलेली नावं एकेक करून पाहू.

आरटीएक्स ५० सुपरची बातमी तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात पटण्यासारखी होती. मेमरीची एक चिप बसचे ३२ बिट व्यापते. ५०७० टीआय आणि ५०८० ची बस २५६ बिटांची, म्हणजे आठ चिपा. प्रत्येकी २ जीबी धरले तर १६ जीबी होतात, आणि तेवढेच आज मिळतात. जीडीडीआर७ च्या ३ जीबीच्या चिपा लावल्या की त्याच बोर्डवर २४ जीबी. ५०७० ची बस १९२ बिटांची, सहा चिपा, तिथे १२ चे १८. अफवेतले आकडे हेच होते. आणि ३ जीबीच्या चिपा कल्पनेतल्या नाहीत, लॅपटॉपच्या ५०९० मध्ये आठ चिपांवर २४ जीबी त्यामुळेच आहेत. व्यावसायिक आरटीएक्स प्रो ६००० कार्डात त्याच ३ जीबीच्या ३२ चिपा लावून ९६ जीबी केलेत. अडचण इथेच सुरू होते. मेमरीचा तुटवडा असताना या चिपा कंपनी आधी कुठे लावेल? जिथे एका कार्डाची किंमत कितीतरी पट जास्त येते तिथे. जानेवारी २०२६ च्या सीईएस या तंत्रज्ञान प्रदर्शनात सुपर कार्डं येणार असं महिनोन्‌महिने सांगितलं जात होतं. एनव्हिडियाने तिथे एकही नवीन डेस्कटॉप ग्राफिक्स कार्ड आणलं नाही.

मेमरीचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण तुमच्या खिशाला सगळ्यात मोठी झळ त्याचीच आहे. एआयच्या सर्व्हरसाठी मेमरीची मागणी इतकी वाढली की २०२५ च्या अखेरीस डीडीआर५ रॅमचे भाव काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाले. मायक्रॉनने डिसेंबरमध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. असा प्रकार सुरू असताना “थांबलो तर स्वस्त मिळेल” हे नेहमीचं गणित ग्राफिक्स कार्डला लागू पडत नाही, कारण कार्डाच्या किमतीतला मोठा वाटा मेमरीचाच असतो. १६ जीबीचं कार्ड आज दुकानात योग्य भावात दिसत असेल, तर तेच सहा महिन्यांनी महाग असण्याची शक्यता मला जास्त दिसते.

६० मालिकेसाठी थांबणं तर सोडूनच द्या. २० मालिका सप्टेंबर २०१८ ला आली, ३० मालिका सप्टेंबर २०२० ला, ४० मालिका ऑक्टोबर २०२२ ला, ५० मालिका जानेवारी २०२५ ला. दोन पिढ्यांतलं अंतर २४ महिन्यांवरून २७ महिन्यांवर गेलंय. याच हिशोबाने पुढची पिढी २०२७ च्या आधी धरायला काही आधार नाही, आणि सुरुवात नेहमीप्रमाणे सगळ्यात महाग कार्डापासून होईल. तुमच्या बजेटमधलं कार्ड त्याच्याही मागून. तोवर किती लग्नांच्या डिलिव्हरी होतील, याचा विचार करा.

प्रोसेसरचं वेगळं आहे. तिथे थांबण्यासारखं खरोखर काही आहे. नोव्हा लेक २०२६ च्या अखेरीस येईल असं इंटेलने स्वतः सांगितलंय. नवं सॉकेट येणार ही बातमी मी पक्की धरतो. ५२ कोअर, म्हणजे १६ मोठे, ३२ छोटे आणि ४ अगदी कमी विजेचे, हा आकडाही बरेच दिवस टिकून आहे. तो खरा असेल तर ते सगळ्यात वरचं मॉडेल असणार, मधल्या भावात ते येणार नाही. झेन ६ टीएसएमसीच्या २ नॅनोमीटर प्रक्रियेवर आहे, हे एएमडीने एपिक सर्व्हर चिपबाबत २०२५ मध्येच जाहीर केलं. एका चिपलेटमध्ये (प्रोसेसरमधला कोअरचा छोटा तुकडा) आठऐवजी बारा कोअर ही डेस्कटॉपबद्दलची अफवा मला खरी वाटते. हा टेप-आउटला पक्का होणारा आकडा आहे आणि तो वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच येतोय. एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही आधार देऊ, असं एएमडीने म्हटलेलं आहेच. प्रक्रिया बदलतेय, कोअर वाढतायत, म्हणजे मोठ्या वाढीला इथे आधार आहे. त्यात आज डीडीआर५ चे भाव असे चढलेले. म्हणून पूर्ण नवं मशीन आत्ता नको.

तुमच्या हातात आज काय आहे ते सांगतो. हल्लीचे सोनी आणि कॅनन कॅमेरे १० बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवून, चित्रण करतात. तुमच्या आरटीएक्स २०६० मधला डिकोडर (व्हिडिओ उलगडणारा भाग) ४:२:२ उलगडू शकत नाही, सगळं ओझं त्या सहा कोअरच्या प्रोसेसरवर येतं आणि टाइमलाइन अडखळते. मग प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, बनवत रात्र जाते. ५० मालिकेत एच.२६४ आणि एचईव्हीसी या दोन्ही व्हिडिओ प्रकारांचं ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडतं. रिझॉल्व्ह आणि प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांत त्याला आधार आहे, फक्त तुमची आवृत्ती कोणती ते तपासून घ्या. तुम्हाला ज्याची खरी गरज आहे ती गोष्ट बाजारात येऊन वर्षाहून जास्त झालं. ती अफवांच्या यादीत कुठेच नाही, म्हणून तुमच्या नजरेतून सुटली असावी.

कार्ड निवडताना बी४५० ची मर्यादा लक्षात ठेवा. हा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आहे. आरटीएक्स ५०६० टीआय आठच लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डवर त्याला जास्त फटका बसतो. ५०७० आणि ५०७० टीआय पूर्ण सोळा लेनची आहेत, तिथे फरक किरकोळ. ५०७० ला १२ जीबी मेमरी आणि एक एन्कोडर (एक्स्पोर्टच्या वेळी व्हिडिओ बनवणारा भाग), ५०७० टीआयला १६ जीबी आणि दोन एन्कोडर. ४के मध्ये ग्रेडिंग आणि नॉइज रिडक्शन करत असाल तर टीआयला जा, तिथे १२ जीबी लवकर भरतात. ते ३०० वॉटचं कार्ड आहे, तुमचं जुनं १६० चं होतं. एसएमपीएस ७५० वॉटचा आणि चांगल्या कंपनीचा हवा. जुना ५५० वॉटचा असेल तर तो खर्च आत्ताच धरा.

प्रोसेसरसाठी रायझन ७ ५७०० एक्स बघा. आठ कोअर, तुमच्या ३६०० इतकाच ६५ वॉटचा, आणि रॅम डीडीआर४ च राहते. १६ जीबी रॅम एडिटिंगला कमी पडतेय. डीडीआर४ चेही भाव वाढलेत, पण खात्रीच्या माणसाकडून वापरलेली, तुमच्या रॅमशी जुळणारी जोडी मिळाली तर घ्या, दुकानातच मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवून. बायोस मात्र ३६०० बोर्डवर असतानाच अपडेट करा. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर ५००० मालिकेला आधार देणारी आवृत्ती कोणती ते पाहा, ती चढवा, मशीन एकदा व्यवस्थित सुरू होतंय याची खात्री करा, आणि मगच प्रोसेसर काढा. आधी प्रोसेसर बदलला तर पडद्यावर काहीच येत नाही आणि बोर्ड गेला असं वाटून लोक दुकानात धाव घेतात.

असं केलंत तर कार्ड आणि एसएमपीएस दोन्ही पुढच्या मशीनमध्येही चालतील. नोव्हा लेक आणि डेस्कटॉपचे झेन ६ प्रत्यक्ष विक्रीला आले, स्वतंत्र चाचण्यांत रिझॉल्व्हच्या एक्स्पोर्टचे आकडे समोर आले आणि ३२ जीबी डीडीआर५ चा भाव खाली आला, की बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमचा संच घ्या. यातल्या पहिल्या दोन गोष्टी झाल्या आणि रॅम महागच राहिली, तर आणखी थांबा. आठ कोअरवर तुमचं काम तोपर्यंत अडणार नाही.